कार्डावर ‘नॉर्मल’ लिहून होतं

हे प्रकरण उत्तर नागपुरातल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा, आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. मी त्याच्या रुग्णांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत समुपदेशनाचं काम करते. या कामात दुखणारी लेकरं रोज दिसतात. पण या घरात जे दुखणं झालं त्यातलं अर्धं एका छापील शब्दामुळे झालं, आणि तो टाळता येण्यासारखा होता. म्हणून हे सविस्तर मांडते.

बाळ अकरा महिन्यांचं होतं. थंडीचे दिवस. दोन्ही हातांची बोटं आणि पायाचे पंजे टम्म सुजले होते, हात लावला की किंचाळायचं. आजीने आधी हळद-तेल लावून पाहिलं, मग गल्लीतल्या दवाखान्यातून औषध आणलं, तिसऱ्या दिवशी ताप चढल्यावर मोठ्या रुग्णालयात भरती केलं. विदर्भातल्या बालरोग वॉर्डात ही सूज पाहिली की डॉक्टर पहिला प्रश्न ‘घरात सिकल आहे का?’ हाच विचारतात. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते बाळाला सांभाळून घेतं. साधारण सहा महिन्यांनंतर ते ओसरतं आणि आजार डोकं वर काढतो. हातापायांची सूज ही बरेचदा त्याची पहिली खूण.

आईने लगेच सांगितलं, ‘मी वाहक आहे. पण यांचं नॉर्मल आहे.’

एचपीएलसीचा रिपोर्ट आला. ही तपासणी रक्तातली वेगवेगळी हिमोग्लोबिनं वेगळी काढून प्रत्येकाचा टक्का सांगते. बाळाच्या ग्राफमध्ये सिकलचं हिमोग्लोबिन मोठ्या प्रमाणात, थोडं गर्भावस्थेतलं, आणि प्रौढांचं नेहमीचं ‘ए’ हिमोग्लोबिन जवळजवळ नाहीच. खाली शेरा होता: ‘एसएस पॅटर्न’.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा आजी खाटेशी नव्हती, बाहेर व्हरांड्यात बसली होती. सुनेशी तिने बोलणं टाकलं होतं. मी शेजारी बसले तर हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडम, डॉक्टर म्हणते का सिकल दोघाकडून येते. माह्या पोराच्या कार्डावर नॉर्मल लिहून आहे. मंग हे कुठून आलं?’

या प्रश्नाचा अर्थ मला कळला होता. खाटेवर लेकराला छातीशी धरून बसलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीलाही कळला होता. आजीचं गणित चुकीचं नव्हतं. सिकलसेलचा दोषी जनुक आई आणि वडील दोघांकडून आला तरच मूल ‘एसएस’ होतं. एकाकडूनच आला तर मूल वाहक होतं, त्याला सहसा काही त्रास होत नाही. बाप नॉर्मल आणि पोर एसएस हे जमत नाही. कार्ड सरकारी, शिक्का असलेलं, आणि रिपोर्ट मोठ्या दवाखान्याचा. दोन्ही कागद खरे मानले तर उरतो एकच निष्कर्ष, आणि आजी तिथपर्यंत पोहोचली होती.

आता या कार्डाचा इतिहास.

मुलगी नागपुरातल्याच इंदोरा वस्तीकडची. कॉलेजातल्या एका शिबिरात तपासणी झाली आणि ती वाहक निघाली. घरच्यांनी ते लपवलं नाही. आमच्याकडे आता काही स्थळांच्या बायोडेटात उंची-शिक्षणाच्या खाली ‘सिकल निगेटिव्ह’ असंही लिहिलेलं मी पाहिलंय, इतकं लोकांना हे कळलंय. तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं की मुलाचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय पाहुण्यांना चहासुद्धा ठेवायचा नाही. मुलगा उमरेडकडचा, बुटीबोरीत कंपनीत कामाला. त्याच्या गावात शिबिर झालं होतं, बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर तपासणी केली होती, मोबाईलवर नोंद झाली होती आणि पुढे कार्ड मिळालं होतं. कार्ड पाहिलं, नॉर्मल होतं, लग्न ठरलं. या कुटुंबाने आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो तेच केलं, अगदी तंतोतंत.

पुढे ती गरोदर राहिली. गरोदरपणात आई वाहक निघाली की वडिलांची तपासणी करायची, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. तिने स्वतः सिस्टरला सांगितलं. सिस्टरने नवऱ्याचं कार्ड मागितलं, पाहिलं, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद केली: ‘पती सामान्य’. पुन्हा रक्त घेतलं नाही. त्या दिवशी रांगेत चाळीसेक बायका असतील, हातात कार्ड असताना कोण परत सुई टोचणार? बाप सामान्य म्हणून बाळाचीही जन्मल्यावर तपासणी झाली नाही. अकरा महिने त्या लेकराचा आजार कुणालाच माहीत नव्हता.

खरी गोष्ट माझ्या नव्हे, एका निवासी डॉक्टरच्या लक्षात आली. तिने वडिलांना विचारलं, ‘तुम्हाला कधी रक्त कमी आहे असं सांगितलंय का?’ तो म्हणाला, ‘नेहमीच सांगतात. कंपनीच्या तपासणीत दरवर्षी येते. गोळ्या खाऊन खाऊन कंटाळलो.’ फोनमध्ये मागच्या वर्षीच्या रक्ततपासणीचा फोटो होता. हिमोग्लोबिन साडेअकराच्या आसपास. तांबड्या पेशींचा आकार दाखवणारा आकडा, एमसीव्ही, ६२. सर्वसाधारणपणे तो ८० च्या वर असतो. आणि पेशींची संख्या ६१ लाख. रक्त कमी असलेल्या माणसात पेशी कमी असायला हव्यात, याच्या जास्त होत्या, फक्त बारीक होत्या. डॉक्टरने तिथेच ६२ ला ६.१ ने भागलं. उत्तर दहाच्या आसपास आलं. हा भागाकार १३ च्या खाली आला की लोहाच्या कमतरतेपेक्षा थॅलेसेमियाच्या, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, वाहकाचा संशय आधी घ्यायचा, ही जुनी साधी युक्ती आहे. त्याला ना मशीन लागतं ना पैसा.

वडिलांची एचपीएलसी केली. सिकलचं हिमोग्लोबिन शून्य. कार्ड बरोबर होतं. पण ‘ए-टू’ नावाचं हिमोग्लोबिन ५.६ टक्के, जे साडेतीनच्या खाली असायला हवं. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक होता. पुढे जनुकीय तपासणीत तेच पक्कं झालं. बाळाला आईकडून सिकलचा जनुक मिळाला आणि वडिलांकडून थॅलेसेमियाचा. या जोडीला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. वडिलांचा जनुक ‘ए’ हिमोग्लोबिन जवळजवळ बनवतच नसेल, तर बाळाच्या ग्राफवर ते एसएससारखंच दिसतं आणि त्रासही जवळपास तसाच होतो. दोन्हींतला फरक आई-बापाला तपासल्याशिवाय धडपणे कळत नाही.

म्हणजे शिबिरातली तपासणी चुकली नव्हती. तिला विचारलं होतं ‘सिकल आहे का?’ आणि तिने ‘नाही’ असं खरं उत्तर दिलं होतं. ते उत्तर कार्डावर चढताना ‘नॉर्मल’ झालं. ‘सिकल नाही’ आणि ‘नॉर्मल’ यांच्यात एक संपूर्ण आजार बसतो, आणि तो या घरात येऊन बसला.

हे नीट समजण्यासाठी दोन नळ्या डोळ्यांसमोर आणा. सिकलची जुनी प्राथमिक तपासणी सोल्युबिलिटीची. काचेच्या नळीत सोडियम डायथायोनाईटचं द्रावण, त्यात थेंबभर रक्त, आणि नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकल नाही, गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे. वाहक की रोगी हे ती सांगू शकत नाही. डायथायोनाईटची बाटली उघडी राहून शिळी झाली, रक्त फारच कमी असलं, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असलं तर ती फसतेही. थॅलेसेमियासाठीही अशीच एक नळी आहे, नेस्ट्रॉफ नावाची. अगदी पातळ मिठाच्या पाण्यात, ०.३६ टक्क्यांच्या, रक्ताचा थेंब टाकायचा. चांगल्या पेशी त्यात फुगून फुटतात, पाणी स्वच्छ होतं आणि मागची रेघ दिसते. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या बारीक पेशी फुटत नाहीत, पाणी गढूळ राहतं आणि रेघ पुसट होते. कागद तोच, रेघ तीच, रक्ताचा थेंबही तितकाच. फक्त प्रश्न वेगळा.

शिबिरांत आता पट्ट्या आल्या आहेत. त्या उत्तम आहेत, हे मी मनापासून सांगते. दहा-पंधरा मिनिटांत, विजेशिवाय, पाड्यावर बसून वाहक आणि रोगी वेगळे ओळखता येतात. पूर्वी नमुना गावाहून शहरात यायचा, रिपोर्ट परत जाईपर्यंत माणूस ऊसतोडीला निघून गेलेला असायचा. पण या पट्ट्या ठरलेली हिमोग्लोबिनंच ओळखतात. ‘ए-टू’ किती आहे ते त्या मोजत नाहीत. काही पट्ट्यांचं वाचन उलटं असतं: रेघ उमटली म्हणजे ते हिमोग्लोबिन नाही, उमटली नाही म्हणजे आहे. एका कंपनीच्या पट्टीवर शिकलेल्या आशाताईच्या हातात दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली आणि अर्धा तास प्रशिक्षण दिलं नाही, तर काय होईल ते सांगायला नको.

धोरणाकडे येते. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशनची सुरुवात पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून केली. २०४७ पर्यंत निर्मूलन आणि त्याआधी आदिवासीबहुल भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी, असं लक्ष्य ठेवलं. या आजाराकडे दिल्लीतून इतक्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच पाहिलं गेलं. नागपूर परिसरात या आजाराची वैद्यकीय नोंद १९५० च्या दशकापासून आहे, आणि त्यानंतरच्या कित्येक पिढ्या ‘हाडं दुखतात’ एवढ्याच निदानावर मेल्या. म्हणून मी या मिशनच्या बाजूची आहे आणि तिथूनच बोलते.

अडचण आकड्यात आहे. तालुक्याकडून रोज विचारलं जातं ते ‘आज किती तपासले?’ असं. ‘आज किती जणांना नीट समजावून सांगितलं?’ असं कुणी विचारत नाही, कारण ते मोजायला रकाना नाही. पट्टी दहा मिनिटांत होते. एका वाहक मुलीला तिच्या आईसमोर बसवून ‘तुला आजार नाही, पण नवऱ्याची पूर्ण तपासणी लागेल, निव्वळ सिकलची नव्हे’ हे तिच्या मनात उतरेपर्यंत सांगायला पाऊण तास लागतो. मी घड्याळ लावून पाहिलंय.

केंद्राच्या आरोग्य अभियानाने २०१६ मध्ये हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सिकल आणि थॅलेसेमिया एकत्रच होते. नंतर सिकलला स्वतंत्र मिशन मिळालं आणि प्रत्यक्ष शिबिरात दोन आजारांची फारकत झाली. लोकांच्या डोक्यात तर ती आधीपासूनच आहे. आमच्याकडे सिकल म्हणजे ‘आपला’ आजार, बौद्धांचा, आदिवासींचा. थॅलेसेमिया म्हणजे नागपुरातल्या जरीपटका वस्तीचा, फाळणीनंतर इथे येऊन वसलेल्या सिंधी बांधवांचा. इंदोरा आणि जरीपटका यांच्यात चालत जाण्याइतकं अंतर, तरी ही वाटणी पक्की. सिंधी, पंजाबी, गुजराती समाजांत थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण जास्त असतं हे खरंच आहे. पण देशभराची सरासरीसुद्धा ३ ते ४ टक्के मानली जाते. उमरेडच्या एका बौद्ध मुलाला दरवर्षी ‘रक्त कमी’ म्हणून लोहाच्या गोळ्या देणाऱ्या कुणालाही हा आजार सुचला नाही, कारण त्याचं आडनाव त्या यादीत बसत नव्हतं.

मोबाईलच्या नोंदीबद्दलही बोललं पाहिजे. कागदाच्या रजिस्टरमध्ये सिस्टर शेजारी पेन्सिलीने ‘एमसीव्ही कमी, परत बोलवा’ असं लिहायची. आता ठरलेल्या पर्यायांतला एक निवडायचा आणि पुढे जायचं. शंकेला जागाच राहिली नाही. शिवाय छापून आलेल्या कार्डाला एक वजन येतं. ते कार्ड पाहून लग्न ठरतं, ते पाहून गरोदर बाईच्या नवऱ्याची तपासणी टळते, आणि इथे तर त्याच कार्डाच्या बळावर एका मुलीच्या चारित्र्याकडे बोट गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदाही आला. पण पाहुण्यांनी मागितलं की कार्ड काढून दाखवावंच लागतं, तिथे कुठला कायदा आडवा येत नाही. निदान त्यावर जे छापायचं ते अचूक तरी असावं.

वॉर्डात परत जाऊ.

निदान पक्कं झालं त्या दिवशी मी आजी, आजोबा, सून आणि मुलगा, चौघांना एकत्र बसवलं. मी ज्वारीचे दाणे आणि तुरीचे दाणे घेऊन जाते, आकृतीपेक्षा ते बरं पडतं. आईच्या मुठीत एक चांगला दाणा आणि एक सिकलचा. बापाच्या मुठीत एक चांगला आणि एक थॅलेसेमियाचा. दर बाळंतपणात प्रत्येकाच्या मुठीतून एकेक दाणा पडतो. चारपैकी एका वेळी दोन्ही चांगले, एका वेळी फक्त सिकलचा, एका वेळी फक्त थॅलेसेमियाचा, आणि एका वेळी दोन्ही वाईट एकत्र. आजीने दाणे स्वतःच्या हातात घेऊन दोनदा टाकून पाहिले. मग सुनेकडे न बघताच म्हणाली, ‘म्हंजे माह्या पोराकडूनच आलं अर्धं.’

मुलगा नंतर जिन्यात माझ्याशी बोलला. ‘ताई, मी तिले काही बोललो नाही. पण मनात येऊन राहिलं होतं.’ हे त्याने स्वतःहून सांगितलं, याचा मी मान ठेवते. तिने मात्र त्या तीन दिवसांबद्दल माझ्याकडे एकच वाक्य काढलं: ‘मॅडम, तुम्ही दाणे आणले नसते तर?’

बाळाचे उपचार आता रीतसर चालू आहेत. पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन, फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टरांच्या देखरेखीत हायड्रॉक्सीयुरिया, ज्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. आईला डाव्या बरगडीखाली बोटांनी प्लीहा चाचपायला शिकवलं. ती एकाएकी वाढलेली लागली किंवा बाळ पांढरं पडलं, तर रिक्षा करून थेट कॅज्युअल्टी. ताप १०१ च्या वर गेला तर गल्लीतला दवाखाना नको. उन्हाळ्यात पाणी सतत, कारण पाणी कमी पडलं की रक्तवाहिन्या तुंबतात आणि आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते वेगळं सांगायला नको. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्हींचा समावेश आहे. त्या प्रमाणपत्राचे कागदही आम्ही सुरू केले आहेत.

आजोबांनी एक दिवस वर्तमानपत्राचं कात्रण आणलं. जीन कापून आजार बरा करतात म्हणे, ते आपल्या नातवाला मिळेल का? मी खरं ते सांगितलं. क्रिस्पर तंत्रावरच्या पहिल्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. तिकडे त्याची किंमत २२ लाख डॉलर. त्या मान्यतेत वयाची अट १२ वर्षांच्या पुढची. त्याआधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते आणि त्यात पुढे मूल न होण्याचा धोका असतो. आपल्या देशातही असा स्वस्त उपचार तयार करण्याचं काम चालू आहे, ते यशस्वी व्हावं असं मला फार वाटतं. आजोबांनी कात्रण घडी करून खिशात परत ठेवलं. त्यांची आशा मोडायची माझी इच्छा नव्हती, पण तो उपचार येईपर्यंत पोहोचायला आधी नातू हवा, म्हणून पेनिसिलिनची गोळी चुकायला नको, हेही त्यांना सांगावं लागलं.

पुढच्या गरोदरपणाचंही बोलणं झालं. दहाव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाला आजार आहे का ते कळतं. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यातच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशा तपासणीची मुभा आहे, फक्त ती नोंदणीकृत केंद्रात आणि लेखी संमतीने व्हायला हवी. आई-वडिलांचे दोष आधी ओळखलेले असतील तरच ती वेळेत होते. पहिल्या वेळी ही वाट त्यांच्यासाठी उघडी होती, कार्डाने ती बंद केली. पुढचा निर्णय त्यांचा.

आमच्या पातळीवर आम्ही एवढं बदललं. आई वाहक असेल तर वडिलांचं कुठलंही कार्ड ग्राह्य धरायचं नाही. साधी रक्ततपासणी आणि एचपीएलसी दोन्ही करायच्या, तीही लोहाच्या कमतरतेवर लक्ष ठेवून, कारण लोह फार कमी असेल तर ‘ए-टू’चा आकडा खाली दिसू शकतो. शिबिरात सिकलच्या तपासणीशेजारी नेस्ट्रॉफची नळी ठेवा, अशी मागणी आम्ही लेखी दिली आहे. नेस्ट्रॉफमध्ये लोहाची कमतरता असलेलेही गढूळ निघतात, त्यामुळे एचपीएलसीकडे जाणाऱ्यांची संख्या वाढेल हे मान्य. ती वाढलीच पाहिजे. आणि कार्डावर ‘नॉर्मल’ऐवजी ‘सिकल आढळला नाही, इतर दोषांची तपासणी केलेली नाही’ असं छापावं. अजून उत्तर नाही.

वडिलांचं कार्ड दुरुस्त करायला गेलो तर त्यावर थॅलेसेमिया लिहायला जागाच नव्हती. मी मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनने लिहिलं, ‘सिकल नाही. बीटा थॅलेसेमिया वाहक आहे,’ आणि एचपीएलसीच्या रिपोर्टची झेरॉक्स स्टेपल केली. त्याने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं.

त्याला दोन धाकटे भाऊ आहेत. प्रत्येकाला हा दोष असण्याची शक्यता निम्मी. दोघांचीही कार्डं त्याच शिबिरातली, दोन्हींवर तोच शब्द. मधल्याचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय. तारीख घेण्याआधी आजीच त्याला मनगटाला धरून आमच्याकडे घेऊन आली. सोबत होणाऱ्या सुनेलाही आणलं होतं. दोघांचं रक्त घेतलंय. रिपोर्ट सोमवारी येईल.